सपाटी लागली की बोलू

ड्रायव्हरसाहेबांच्या घरात एकच नियम पक्का होता: अवघड विषय घाट संपल्यावर काढायचा. उभा जन्म त्यांनी डोंगरापलीकडच्या शहराची बस चालवली. चढावर बोलायचं नाही, उतारावर तर नाहीच नाही; सपाटी लागली की खुशाल तोंड उघडा. लेकीचं लग्न, घराची खरेदी, सगळं त्या सपाटीवर ठरलेलं. बायको मागच्या सीटवर, हे आरशात तिच्याकडे बघत. प्रवाशांनाही यांच्या घरातलं सगळं ठाऊक!

आज मात्र दोघं विमानात बसली होती. तिकिटं डोंगरापलीकडच्या त्याच शहरात राहणाऱ्या लेकीने धाडलेली. आणि साहेबांच्या पोटात आठवडाभर एक गोष्ट ठाण मांडून होती. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, कायमचेच इकडे राहायला या ना," आणि हा शहाणा बायकोला न विचारता हो म्हणून मोकळा झाला. वर, "आई तर एका पायावर तयार आहे," असंही ठोकून दिलं. लेकीने खोलीसुद्धा रंगवून घेतली. बायकोला कशाचा पत्ता नाही. आता पोहोचायच्या आत सांगणं भागच होतं.

रस्त्याने आठ तास लागतात, म्हणजे विमानाला दोनेक तास तरी लागणारच, असा साहेबांचा हिशेब. तिकिटावरची वेळ त्यांनी पाहिलीच नव्हती. वेळापत्रकावर विश्वास ठेवेल तो ड्रायव्हर कसला!

विमान छोटंसं. उडालं ते चढतच राहिलं. 'चढ संपू दे,' साहेब मनात म्हणाले.

"अहो, ते बघा तुमचं घाटातलं वळण!" बायको खिडकीला नाक लावून हरखली होती. "एवढंसंच आहे की! आणि केवढा बाऊ करायचात!"

विमान जरा आडवं झालं. साहेबांनी घसा खाकरला, तोच घोषणा झाली: आपण खाली उतरत आहोत, पट्टे बांधा.

"अहो ताई, सपाटी कुठंय?" त्यांनी हवाईसुंदरीला घाबरून विचारलं.

"काका, प्रवासच पस्तीस मिनिटांचा," ती हसली. "झाली की सपाटी."

हाय रे कर्मा! साहेबांची पाचावर धारण बसली. मग जन्मात पहिल्यांदा ते उतारावर बोलले. कानांना दडे बसलेले, त्यामुळे आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "अगं, मी लेकीला हो म्हणालो! कायमचं तिकडे राहायला! तुला न विचारता!"

सगळ्या माना वळल्या. बायकोने फक्त खिडकीकडे तोंड फिरवलं. चाकं टेकली, दार उघडलं, तरी ती अवाक्षर बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

बाहेर लेक धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. "आई, तू इतक्या पटकन तयार होशील असं वाटलं नव्हतं गं!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आपल्या बुटांकडे बघत होता.

"येऊ की राहायला," ती म्हणाली. "तुझ्यासाठी माझाही जीव तुटतो. पण सामान ट्रकने आणायचं. ट्रक हे चालवतील आणि मी शेजारी बसेन."

"अगं आई, विमानाने पस्तीस मिनिटांत..."

"पस्तीस मिनिटांत काय होतंय? मला यांच्याशी पुरते आठ तास भांडायचंय. चढावरसुद्धा आणि उतारावरसुद्धा!"

साहेबांना इतकं हायसं वाटलं, की दोन्ही बॅगा उचलून ते तिथल्या तिथे लेकीला विचारू लागले, ट्रक कुठे मिळेल म्हणून.