दगडाबाईचा नापास मुलगा

“तुह्या कंपनीत माहं काय काम?” दगडाबाई म्हणाली आणि शेळीपुढे पाला टाकायला उठली. “मी नाय येत.”

शेंद्र्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरासमोर कडूबा गावडे नवा कोट घालून उभा होता. कोटाची सवय नसल्यासारखे त्याचे हात सारखे खिशाकडे जात होते.

“माय, आज चार वाजता मला कंपनीचा प्रमुख करणार हायेत. आप्पासाहेब मालक स्वतःच्या खुर्चीत बसवणार हायेत मला.”

“हळू बोल की!” दगडाबाईनं शेजारच्या अंगणाकडे पाहिलं. तिथं आक्काबाई भांडी घासत बसली होती. दगडाबाईनं मुद्दाम आवाज चढवला. “काय म्हन्तो? डायवरकीची नोकरी बी जायला लागली? जाऊ दी. मेंढरं हायेत की आपली.”

आक्काबाईनं मान खाली घालून हसू दाबलं. रस्त्यावर उभ्या गाडीत कडूबाचा खरा ड्रायव्हर बसला होता. त्यानं काच वर केली.

एरवी कडूबाही हसला असता. आज त्याला हसू आलं नाही.

“माय, पन्नाशी उलटली माझी,” तो म्हणाला. “आजून नापासच हाय का मी?”

दगडाबाईनं पाल्यातली वाळकी काडी निवडून बाजूला टाकली, मग दुसरी टाकली. “जा,” ती म्हणाली, “उशीर व्हईल तुला.”

कडूबाच्या आधी दगडाबाईची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा सुइणीनं सांगितलं, गोड नाव ठेवू नको, कडू ठेव, म्हणजे काळ तोंडात घालून थुंकून देईल. तिचं स्वतःचं नावही तिच्या आईनं तसंच ठेवलेलं होतं आणि ती दगडासारखी टिकली होती. बाकीच्या आया नाव ठेवून मोकळ्या होतात. दगडाबाई मात्र नावावर थांबली नाही. दृष्ट लागेल म्हणून मुलाचं कधी कौतुक केलं नाही, कुणी केलं तर करू दिलं नाही.

तो दहावीला शाळेत पहिला आला, त्या दिवशी तिनं पारावर सांगितलं, “नापास झालं पोरगं.” बाप मुंजाबा मेंढरं घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीला गेला होता. महिन्याभरानं परत आला तेव्हा त्यालाही गावानं हेच सांगितलं. त्यानं पोराला दोन तडाखे दिले आणि नंतर मास्तरांकडून खरं कळल्यावर मेंढवाड्यामागं जाऊन एकटाच रडला.

शहरातल्या व्यवस्थापनाच्या कॉलेजात कडूबा एमबीएला गेला तेव्हा गावाला कळलं की तो शहरात हमाली करतो. पदवीदान समारंभाला तेव्हा हयात असलेला मुंजाबा फेटा बांधून आला होता. दगडाबाई आली नाही. संध्याकाळी कडूबा पेढे घेऊन घरी पोचला, तर आईनं पुडा धान्याच्या कणगीत लपवला आणि शेजारणीला म्हणाली, “नापासच झालं पुन्हा. डोक्यातच नाय त्याच्या.”

त्या वर्षी कॉलेजात मुलाखतींना बाहेरून कंपन्या आल्या. वर्गातला एक जण मुंबईच्या बँकेत गेला, दोघे पुण्याला मोटारींच्या कारखान्यात, एक मुलगी तर थेट दुबईला गेली. आज त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या मोठ्या हुद्द्यावर आहे. कडूबाचे मार्क त्यांच्यापेक्षा कमी नव्हते. पण टेबलापलीकडच्या साहेबानं त्याचं नाव दोनदा विचारलं, शेजारच्याकडे पाहिलं, दोघे हसले, आणि मुलाखत तिथंच संपली.

मग तो चिकलठाण्याला आप्पासाहेबांच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला. पत्र्याच्या दोन शेडमध्ये लिमलेटच्या गोळ्या आणि बिस्किटं बनायची. आप्पासाहेबही नाव ऐकून हसले, पण खुर्ची पुढे सरकवून हसले.

“कडूबा गोळ्या विकणार?”

“साहेब, एकदा ऐकलेलं नाव दुकानदार विसरणार नाही,” कडूबा म्हणाला.

आणि तसंच झालं. आठवडी बाजारात पाल ठोकून बसलेला म्हातारा दुकानदारही विचारायचा, “कडूबाच्या गोड गोळ्या आल्या का?” आधी जालना, परभणी, नांदेड, मग विदर्भ, मग थेट हैदराबादेपर्यंत माल जाऊ लागला. इतर कंपन्यांचे विक्रेते तालुक्याच्या गावी मुक्काम करायचे. कडूबा वस्तीवर जायचा, कारण वस्त्या त्याला पाठ होत्या. बापाच्या मेंढरांमागं त्या सगळ्या त्यानं पायी पालथ्या घातल्या होत्या. एका पावसाळ्यात बिस्किटांची एक मोठी खेप सादळली. मालक म्हणाले, खपतील कशीबशी. कडूबानं ऐकलं नाही. स्वतः टेम्पोत बसून दुकानादुकानातून पुडे परत घेतले आणि नवे दिले. त्या वर्षी कंपनी कशीबशी तगली. पुढच्या वर्षी दुकानदार दुसऱ्या कुणाचा माल ठेवेनासे झाले. मुंबईच्या एका बड्या कंपनीनं तेव्हा त्याला बोलावलं. तो गेला नाही.

त्याच्या लग्नाची गोष्ट तर पाहुण्यांत अजून सांगतात. मुलीचे वडील कारभारी शिंगाडे घर पाहायला आले. त्यांनी सरळ विचारलं, “पोरगं काय करतं?” दगडाबाईनं चहाची कपबशी पुढे ठेवत सांगितलं, “काय नाय. नापास हाय. कंपनीत झाडू मारतो.”

कारभारी चहा न घेताच घरी परतले आणि मुलीला म्हणाले, “नापासाला नाय द्यायची मला पोरगी.”

मंजुळा तेव्हा डीएड करत होती. ती म्हणाली, “आबा, पोरगा नापास असता तर आईनं पास सांगितला असता. ही बाई काही तरी लपवतीय. पुन्हा जाऊन बघा.”

कारभारी दुसऱ्यांदा थेट कारखान्यात गेले आणि हसत परत आले.

गावालाही खरं केव्हाच कळलं होतं. कडूबाची गाडी आली की दगडाबाई सांगायची, “मालकाची हाय. हा डायवर हाय.” लोक माना डोलवायचे. तिच्या तोंडावर कधी कुणी तिला खोटं पाडलं नाही.

शहरातल्या पुंडलिकनगरच्या आपल्या घरी त्या दुपारी कडूबा जेवायला बसला, पण घास उतरेना.

“मी तिला बोलून आलो,” तो मंजुळेला म्हणाला. “नको होतं बोलायला.”

“आहो, आत्याबाईंचं तुम्हाला माहीत नाही का?”

“माहीत आहे. सगळं माहीत आहे. पण एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ऐकावं वाटतं गं. लोकांनी काय कौतुक केलं नाही का माझं? ढीग केलं. त्यानं पोट भरत नाही.”

मंजुळेनं ताटात भाकरीचा तुकडा वाढला.

कारखान्याच्या आवारात फाटकाला लागूनच मांडव घातला होता. हैदराबादेपासूनचे वितरक आले होते, आखातात माल नेणारे व्यापारी आले होते, कॉलेजातले वर्गमित्र आले होते. पॅकिंगच्या बाया नव्या साड्या नेसून मागच्या रांगांत बसल्या होत्या. व्यासपीठावरच्या कापडी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: श्री. के. एम. गावडे. माल परराज्यात जायला लागला तेव्हा कार्डावर कुणी तरी ते नाव छापलं, कडूबानंही ‘असू दे’ म्हटलं, आणि हळूहळू कारखान्यात जुन्या चार-दोन माणसांशिवाय कडूबा कुणाला माहीत राहिला नाही.

आप्पासाहेब काठी टेकत माइकपाशी आले.

“मला लोक विचारतात, स्वतःची मुलं असताना कंपनी दुसऱ्याच्या हाती का देता? माझ्या मुलांना गोळ्या खायला आवडल्या, विकायला नाही आवडल्या.” मांडव हसला. “ते परदेशात सुखी आहेत. पण ही कंपनी मी कुणाला देत नाहीये. ज्यानं ती उभी केली, तोच बसतोय खुर्चीत.”

टाळ्या वाजल्या. आप्पासाहेबांना ठसका लागला. कुणी तरी पाण्याचा पेला आणायला धावलं आणि मांडव क्षणभर शांत झाला.

त्याच वेळी फाटकापाशी एक अ‍ॅपे रिक्षा थांबली होती. त्यातून दगडाबाई एकटीच उतरली. हिरवं इरकल नेसलेली, डोक्यावरून पदर, पायात टायरच्या चपला. नवा वॉचमन बद्रीनाथ पुढे आला.

“आजी, कुठं चालल्या?”

“कडू हाय का आत? कडूबा?”

“या नावाचा कुणी नाय इथं.”

“हाय की. हितंच झाडू मारतो त्यो.”

“झाडायला सगळ्या बाया हायेत, आजी. तुमची कंपनी चुकली. आन आज आत मोठा कार्यक्रम चाललाय, कुणालाबी सोडता येत नाय.” जायला निघालेल्या बद्रीनाथाला पुन्हा तिची दया आली. वळून त्यानं विचारलं, “पास हाय का तुमच्याजवळ? पास?”

दगडाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मांडवातली माणसं तिथून दिसत होती. कोटवाली, टायवाली, कधी न पाहिलेली. इतकी माणसं, इतके डोळे.

“हाय,” ती हळू म्हणाली.

“मग दाखवा.”

“पास हाय,” तिचा आवाज थोडा वाढला. “माहा कडूबा पास हाय.”

“आजी, तो पास नव्हं, आत जायचा...”

पण दगडाबाई आता बद्रीनाथाशी बोलत नव्हती. तिनं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले होते.

“दहावीला पास हाय! सगळ्या शाळेत पैला आला व्हता!” जो आवाज माळावरून पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढरांना वळवायचा, तो आवाज मांडवावरून गेला. “बारावीला पास हाय! त्या कालेजात पास हाय, एमबीए पास हाय! कधीच नापास झाला नाय माहा कडूबा! मी खोटं सांगत व्हते. गावाला खोटं सांगत व्हते. तुमचा मोठा साहेब हाय ना, त्यो माहा ल्योक हाय! कडूबा मुंजाबा गावडे! माहा ल्योक हाय त्यो!”

मांडवातली सगळी डोकी मागे वळली. आप्पासाहेबांच्या हातात पाण्याचा पेला तसाच राहिला. आणि कंपनीचा नवा प्रमुख व्यासपीठाच्या पायऱ्या सोडून सरळ खाली उडी मारून फाटकाकडे धावत सुटला.

बद्रीनाथानं घाईघाईनं फाटक उघडलं. “साहेब, मला ठावं नव्हतं...”

“तुझी काय चूक?” कडूबा म्हणाला. “नाव मीच लपवलं.”

तो आईला हाताला धरून मांडवातून घेऊन आला. ती पायऱ्यांपाशी थबकली, चपला काढू लागली. त्यानं काढू दिल्या नाहीत. माइकपाशी येऊन तो बोलायला उभा राहिला. रात्रभर तयार केलेलं इंग्रजी भाषणातला एक शब्दही त्याला आठवला नाही.

“मी कडूबा,” तो म्हणाला. “ही माझी माय, दगडाबाई. माझा निकाल आज लागला.”

आधी पॅकिंगच्या बाया उठून टाळ्या वाजवू लागल्या. मग नांदेडचा जुना वितरक उठला आणि ओरडला, “कडूबाच्या गोड गोळ्या!” आणि मग सगळा मांडवच उभा राहिला. दुबईहून आलेली वर्गमैत्रीण रडत होती आणि हसतही होती. आप्पासाहेबांनी डोळे पुसले, खुर्ची स्वतःच्या हातानं ओढली आणि कडूबाला तिच्यात बसवलं. फलकावर काय लिहिलंय ते आता कुणी वाचत नव्हतं. सोमवारी कडूबानं कार्डावरचं नावही बदलायला सांगितलं, पण ती पुढची गोष्ट.

कार्यक्रम संपल्यावर बाया दगडाबाईच्या पाया पडायला रांगेनं आल्या. तिला ते कळेना. ती प्रत्येकीला ‘बास, बास’ म्हणत राहिली. गर्दी जरा पांगली तशी तिनं कडूबाला जवळ बोलावलं.

“लई जोरात बोलले का रं मी?”

“नाय, माय. बरोबर बोललीस.”

मंजुळेनं दिलेला चहा तिच्या हातात निवत होता.

“गुलाबचं बी आसंच सांगितलं व्हतं म्या,” ती म्हणाली. “बारशाच्या दिशी. येशीपस्तोर जाऊन सांगितलं. लई देखणा व्हता. सगळ्यांना म्हन्ले, या, बघा माहं पोरगं.”

कडूबानं आपल्या आधीच्या, न जगलेल्या भावाचं नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याला काही विचारायचं होतं, पण तेवढ्यात आखाती व्यापारी हात मिळवायला पुढे आले, त्यांच्या मागे बँकेचे साहेब, त्यांच्या मागे वर्तमानपत्रवाले. तो उठून उभा राहिला, हसला, एकेकाचं अभिनंदन घेत राहिला. फोटोवाल्यानं दोनदा सांगितलं, साहेब, जरा इकडे या, मध्यभागी. त्याला सरकता आलं नाही. खुर्चीत बसलेल्या दगडाबाईनं त्याच्या नव्या कोटाची कड मुठीत घट्ट धरून ठेवली होती आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत ती नीट पाहून घेत होती.