चांदीच्या मानेचा खांब

मी बाभळीचा खांब. जुना, पाठीत वाकलेला, अंगभर गाठी. हसू नका मित्रांनो, या गाठींवरच माझं आयुष्य गेलं. येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवर, हरणाबाईंच्या गोठ्यात मी उभा होतो. धार झाली की त्यांची गाय चांदी रोज माझ्यावर मान घासायची. वरून खाली, खालून वर. तिचे डोळे हळूहळू मिटायचे अन् मलाही गुंगी यायची. मग मी पुन्हा बांधावरचं झाड व्हायचो, पिवळी फुलं अंगावर घेऊन डुलायचो. काय सुख होतं ते!

पुढं त्यांच्या लेकानं, रामहरीनं, नवा गोठा बांधला. खाली फरशी, बाजूंना गुळगुळीत लोखंडी पाइप. "आये, ह्यो खांब लई खडबडीत हाय, चांदीचं अंग सोलंल," म्हणाला अन् मला उपटून सरपणात टाकलं. मायेनंच बोलला बिचारा, म्हणून तर मला जास्त लागलं.

पाइपावर मान नुसती सटकायची. चांदी चिडचिडी झाली. दावं ओढायची, धारेला लाथ मारायची. हरणाबाईंना वाटलं, गायीला दृष्ट लागली. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या अन् तिच्या मानेत काळ्या लोकरीचा दोरा बांधला. रोग रेड्याला अन् औषध पखालीला! जिथं खाजत होतं तिथंच ती टोचरी लोकर. शेवटी रामहरी वैतागून म्हणाला, "आता इकूनच टाकू."

बाजाराच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. माझी चूल ठरलेली, तिचा बाजार. माझा जीव तुटत होता, पण खांबाला कुठं हंबरता येतं?

दावं सोडताच चांदीनं रामहरीला हिसका दिला अन् थेट माझ्याकडं आली. लाकडांवर मी तिरपा पडलो होतो. ती माझ्या गाठींवर मान घासू लागली. घासता घासता दोरा तुटून पडला. तिचे डोळे मिटले.

मागोमाग धावत आलेल्या हरणाबाई तिथंच थबकल्या. "आगं माझे बाई! तुला खाजवायचं हुतं व्हय? अन् म्या येडी मीठ ववाळीत बसले!" मग लेकाला म्हणाल्या, "टेम्पो माघारी धाड. आन् पहार घे, खड्डा खण."

आता मी नव्या गोठ्यात उभा आहे, फरशी फोडून रोवलेला. मित्रांनो, गोठा खुशाल नवा बांधा, पण गायीला मान घासायला एखादा खडबडीत म्हातारा राहू द्या. बरं, आता जरा गप्प बसा. धार झाली, चांदी येतेय.