तारानौकेच्या तळमजल्याचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण माझ्यामागे घर नाही. मला कोणत्याही भिंतीत कधी बसवलेच नाही. ध्वनिमुद्रणाच्या एका स्टुडिओत, चाकांच्या जड पाटावर उभा राहून मी माझे सारे आयुष्य काढले.

मला घडवणारा सुतार पहिल्याच दिवशी गोंधळला होता. "भिंतीचं माप द्या," तो म्हणाला.

"भिंत नाहीच," आवाजकाका म्हणाले. आवाजकाका म्हणजे या स्टुडिओतले आवाज तयार करणारे गृहस्थ. पावलांचे, वादळाचे, पेल्यांचे, तलवारींचे सगळे आवाज त्यांच्या हातांतून निघत.

"मग हा दरवाजा उघडणार कुठे?"

"माणसांच्या कानात."

सुताराने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग तो कामाला लागला आणि खरे सांगतो, त्याने जीव ओतला. माझी वरची फळी पातळ, तिच्यावर बोट वाजवले तर पोकळ आवाज यावा. खालची फळी जाड, तिच्यावर लाथ बसली तर छातीत धडधड व्हावी. एका अंगाला कडी, दुसऱ्या अंगाला अडसर, मध्ये एक थोराड कुलूप, आणि वरची बिजागरी मुद्दाम कोरडी ठेवलेली. तिची करकर हा माझा दागिना होता.

त्या काळी दूरचित्रवाणीवर एका तारानौकेची मालिका चालू होती. जादूगारीण, बोलणारी यंत्रे, दोन सूर्यांचे ग्रह, असे सगळे त्यात होते. एक भाग संपला की पुढच्या भागापर्यंत मुलांना दम निघत नसे. म्हणून मालिकेच्या कंपनीने ठरवले, की त्याच पात्रांच्या नव्या गोष्टी कादंबऱ्यांतून आणि श्रुतिकांतून द्यायच्या. श्रुतिका म्हणजे कानांनी पाहायचे नाटक. हे काम लेखिकाबाईंकडे आले.

लेखिकाबाई अंगाने काडीसारख्या होत्या, पण एकदा 'नाही' म्हणाल्या की डोंगर हलेल, बाई हलायच्या नाहीत. कंपनीचे नियम मात्र त्यांनाही पाळावे लागत. मालिकेतल्या कोणाला मारायचे नाही. कोणाचे लग्न लावायचे नाही. आणि गोष्टीत कितीही उलथापालथ केली, तरी शेवटी सगळे जागच्या जागी ठेवून बाहेर पडायचे.

त्यांचे थोरले भाऊ एकदा स्टुडिओत आले होते. माझ्या चौकटीला टेकून ते म्हणाले, "किती दिवस दुसऱ्याच्या चुलीवर रांधणार तू? स्वतःचं काहीतरी लिही की."

बाई कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, "भूक ऐकणाऱ्याची असते, दादा. चूल कोणाची हे तो विचारत नाही."

पण तो शब्द त्यांना लागला असावा, कारण पुढच्याच श्रुतिकेत त्यांनी मालिकेत कधीही न दिसलेले एक पात्र आणले. तारानौकेच्या अगदी तळमजल्यावर एक दरवाजा आहे आणि त्याच्याआड एक पहारेकरीण राहते. तिला कोणी पाहिलेले नाही. कप्तानालासुद्धा खाली जायचे असेल तर दाराबाहेर उभे राहून तिला पटवावे लागते. तिचा असतो तो फक्त आवाज. आणि दरवाजा? तो मी!

पहारेकरणीचा आवाज द्यायला जी नटी आली, तिला सगळे ताई म्हणत. तिचा आवाज जाड आणि खोल होता, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. इतर ठिकाणी तिला म्हाताऱ्या, चेटकिणी आणि चिडक्या सासवा देत. ही भूमिका वाचून ती म्हणाली, "चला, एकदाची मी कोणाची सासू नाही!"

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. माझी करकर ऐकली की मुले पांघरुणात शिरत. एकदा स्टुडिओ झाडणाऱ्या मावशींनी मायेने माझ्या बिजागऱ्यांना तेल पाजले. मी लोण्यासारखा उघडू लागलो आणि आवाजकाका डोक्याला हात लावून बसले. "अहो मावशी, गवयाचा गळा दाबलात तुम्ही!" मावशी म्हणाल्या, "मला काय ठाऊक, हा रडतो तेवढ्याचा पगार घेतो ते!" काकांनी सारे तेल पुसून काढले, तरी माझा सूर परत लागायला बराच काळ गेला.

मग संगणक आला. जगातले सगळे दरवाजे त्याच्या पोटात होते. एक कळ दाबली की लाकडी दार, दुसरी दाबली की लोखंडी. मला ढकलत कोठारात नेले, तोंड भिंतीकडे केले आणि अंगावर जुने पडदे टाकले. मावशींनी माझ्या मुठीला झाडू अडकवायला सुरुवात केली. पलीकडच्या खोलीत पहारेकरीण बोलताना ऐकू येई, पण तिच्यापुढे उघडणारे दार आता मी नव्हतो. दुःख झाले. लाकडालाही ते होते.

आणि एके दिवशी पलीकडून ताईचा आवाज येईनासा झाला.

कोठाराच्या दारात उभे राहून आवाजकाका आणि मावशी बोलत होते, त्यावरून मला कळले. ताईच्या गळ्यात वाईट गाठ निघाली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढावे लागले. ती आता कधीही बोलू शकणार नव्हती.

काही महिन्यांनी कंपनीचे व्यवस्थापक आले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त घाईतला होता. कोठाराला लागूनच बैठकीची खोली होती, त्यामुळे मी सगळे ऐकले.

"दुसरी नटी घ्या," ते म्हणाले. "आवाज थोडाफार जुळला की झालं."

"नाही," लेखिकाबाई म्हणाल्या.

"मग पहारेकरणीला मारून टाका. यावेळी मी परवानगी देतो."

"इतकी वर्षं एकालाही मारू दिलं नाहीत. आता ही एकटीच का मरायची? तिच्या घशाला झालं म्हणून?"

"बाई, हे नाटक ऐकायचं आहे. जिला बोलता येत नाही, ती ऐकवणार काय?"

मग बाई म्हणाल्या, "एक भाग करू द्या. नाही जमला तर पहारेकरीण तुमची आणि मीही हे काम सोडते. पुस्तकंसुद्धा."

व्यवस्थापकांनी खुर्ची मागे सारली. "एकच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आवाजकाकांनी माझ्यावरचे पडदे ओढून काढले. लेखिकाबाईंनी पदराने माझी वरची फळी पुसली, बोटाने टक् टक् केले आणि कान लावून म्हणाल्या, "आहे. अजून आहे." झाडू मुठीवरून उतरला आणि मी पुन्हा उजेडात आलो.

ताई आली ती गळ्याला सुती रुमाल बांधून, मुलीचा हात धरून. हातात पाटी होती. बाईंनी आपला बेत सांगितला. पहारेकरणीचा आवाज आगीच्या धुरात गेला आहे आणि ती आता दारावर ठोठावून बोलणार. ताईने ऐकून घेतले, पाटीवर काही लिहिले आणि ती बाईंपुढे धरली. मुलीने हलक्या आवाजात वाचले, "मी नटी होते. दार वाजवायला कोणीही चालेल."

"दार वाजवायला कोणीही चालेल," बाई म्हणाल्या. "दाराआड गप्प राहायला तूच पाहिजेस."

ताईने पाटी खाली ठेवली आणि आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मग कितीतरी दिवस त्या दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. बोटाचे पेर पातळ फळीवर वाजले की 'हो'. मूठ जाड फळीवर आदळली की 'नाही'. तळवा सपाट पडला की राग. नखाने लाकूड हलकेच खरवडले, तर त्याला त्यांनी काही नावच दिले नाही. ताई चिडे, थके, एकदा तर तिने मला जोरात लाथ घातली. आवाजकाकांनी ती लाथही मुद्रित करून ठेवली. "वाया काही घालवायचं नाही," म्हणाले.

मुद्रणाच्या दिवशी व्यवस्थापक काचेपलीकडे हाताची घडी घालून बसले होते. गोष्ट अशी होती: तळमजल्याला आग लागली आहे आणि पहारेकरीण आत अडकली आहे. दार उघडले तर आग वर पसरेल आणि सारी नौका जाईल. माझ्या एका बाजूला कप्तान झालेला नट, दुसऱ्या बाजूला ताई.

"दार उघडू का?" कप्तानाने विचारले.

माझ्या जाड फळीवर मूठ आदळली. नाही.

"वरून पाणी सोडलंय. ते पोचेतोवर तग धरशील?"

पातळ फळीवर टक्. हो.

"भीती वाटते?"

ताई थांबली. माझ्या लाकडावर तिचे कपाळ टेकलेले होते आणि गळ्याच्या छिद्रातला श्वास रुमालाखाली शीळ घालत होता. मग तिच्या नखाने मला खरवडले, वरून खाली, सावकाश. कप्तानाला पुढे मोठे भाषण होते. त्याला ते आठवलेच नाही. त्याने नुसता हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाला, "मी इथंच बसतो." मग तो खरोखरच खाली बसला. आवाजकाकांनी डोळे पुसले, पण यंत्र थांबवले नाही.

गोष्टीत आग विझली, पहारेकरीण वाचली. काचेपलीकडून व्यवस्थापक बाहेर आले, घसा साफ करत.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "फक्त शेवटी तिचा आवाज परत आणा. एखादं औषध, एखादी जादू. तुमच्या नौकेवर जादूगारीण आहेच की! नियम माहीत आहे ना, सगळं जागच्या जागी."

"तिचा आवाज परत येणार नाही," लेखिकाबाई म्हणाल्या.

"बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"तो हिला परत मिळणार आहे का?" त्यांनी ताईकडे बोट केले. "ही घरी जाऊन ऐकेल. कोणती जादू करू सांगा, जी ऐकून हिला बरं वाटेल?"

ताईने मान वर केली आणि व्यवस्थापकांकडे पाहिले. पाटीला तिने हातही लावला नाही. माझ्याकडे वळून तिने जाड फळीवर मूठ आपटली. एकदाच.

व्यवस्थापकांनी तिच्या मुठीकडे पाहिले. "जाऊ द्या असंच," ते अखेर म्हणाले आणि टोपी विसरून निघून गेले.

तो भाग लोकांनी ऐकला. काहींना आवडला नाही. "ठकठक ऐकायला का आम्ही बसतो?" असेही कोणी म्हणाले. पण कितीतरी घरांत मुले जेवणाच्या मेजावर बोटांनी बोलू लागली आणि त्यांच्या आया वैतागल्या. कंपनीने आणखी भाग मागितले. बाईंनी पहारेकरणीवर एक अख्खी कादंबरी लिहिली आणि त्यांच्या थोरल्या भावाने ती एका बैठकीत संपवून "पुढचं कधी?" एवढेच विचारले.

पुढे डॉक्टरांनी ताईला गळ्याशी धरायचे एक छोटे यंत्र दिले. ते टेकवून ओठ हलवले की शब्द उमटत, पण सपाट, गुणगुणणारे, पत्र्यात भुंगा अडकल्यासारखे. ताईला त्याची लाज वाटे. स्टुडिओत ती यंत्र पिशवीतच ठेवी. लेखिकाबाईंनी ते एकदा पाहिले.

"काढ ना ते."

ताईने मान हलवली.

"अगं, आपली नौका ताऱ्यांमध्ये आहे," बाई म्हणाल्या. "असा आवाज तिथं नाही शोभणार, तर कुठं शोभणार?"

ताईचे खांदे हलू लागले. ती हसत होती. मग तिने यंत्र गळ्याला लावले.

मित्रांनो, मी आता खूप झिजलो आहे. माझ्या फळीवर नखांचे ओरखडे आहेत आणि ते कोणी रंगवून बुजवू नयेत असे मला वाटते. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात कोणाचा आवाज बदलला, कोणाचे हात थरथरू लागले, कोणाला पूर्वीसारखे जमेनासे झाले, तर त्याच्या जागी लगेच दुसऱ्याला उभे करू नका. त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. आता कसे जमेल, ते दोघे मिळून शोधा. वेळ लागतो. लागू द्या.

आज सकाळीच नव्या श्रुतिकेची तालीम झाली. नव्या दमाचे नट कागद धरून पुटपुटत होते. ताईने गळ्याला यंत्र लावले आणि सगळा स्टुडिओ दणाणला:

"तोंड उघडून बोला रे! मला काही ऐकू येत नाही!"