फल्लीचं पथ्य

दामिनीचं अन् तिच्या सासूचं भांडण लागलं ते फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या लाडवावरून.

"म्या काय जहर देल्लं नातीले?" आशाबाई ओसरीत पाय पसरून म्हणत होती. "साधा फल्लीचा लाडू. माहा गजेंद्र याच लाडवावर वाढला."

त्या लाडवाचा एक घास पोटात गेला अन् चार वर्षांच्या आचलचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या, छातीतून शिट्टी वाजायला लागली. दर्यापूरच्या डॉक्टरनं सुई टोचली तेव्हा कुठं पोरगी रंगावर आली.

"अॅलर्जी आहे. फल्लीचा दाणा नाही, कूट नाही, तेल नाही," डॉक्टरनं बजावलं. "पुन्हा असं झालं तर वाट पाहू नका. तशीच उचलून आणा."

आता वऱ्हाडातल्या खेड्यात फल्लीची अॅलर्जी सांगणं म्हणजे मासोळीला पाणी सोसत नाही म्हणून सांगणं. फल्ली चुकते कुठं? चिवड्यात ती, ठेच्यात ती, वांग्यात ती. गावानं तो शब्द ऐकला, चघळला अन् थुंकून टाकला. दामिनी बी.एस्सी. झालेली. तिनं बायांना मोबाईलवर चित्रं दाखवली. बाया म्हणाल्या, "शिकलेलीच्या पोट्ट्याईलेच कशी होते वं ही बिमारी?"

किराणावाल्या नत्थुजीनं तर उपायच काढला. "रोज एक दाणा द्याचा, बाई. सवय पडते. माह्या बैलाले सरकीची ढेप अशीच लावली." अन् एक दिवस त्यानं आचलच्या हातावर दाणा ठेवलाही. दामिनीनं पोरीच्या तोंडात बोट घालून तो काढला अन् भर दुकानात नत्थुजीची बिनपाण्यानं केली. गावाचं मत पक्कं झालं. पोट्टी बरी हाय, मायच्याच डोक्यात बिघाड हाय.

ज्याचं जळते त्याले कळते. दामिनी सांगून सांगून थकली. एक दिवस नळावर बायांनी पुन्हा तेच काढलं, तशी ती पाण्याचा गुंड खाली ठेवून म्हणाली, "मरीमाय सपनात आली व्हती. म्हणे, तुह्या लेकीनं माह्या नावानं फल्ली सोडली. जो तिले दाणा देईन, त्याचं घर बसन."

बायांचे हात जागीच थांबले. नळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी नत्थुजीनं फल्लीचं पोतं दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. अंगणवाडीत आचलची ताटली वेगळी झाली. विज्ञानाला वर्षभर जे जमलं नाही, ते मरीमायनं एका दुपारीत करून टाकलं. दामिनीला हसूही आलं अन् लाजही वाटली. पण लेक खेळत होती, बागडत होती. तिनं लाज गिळून टाकली.

मग माघात गावातल्या जीपवाल्या भगवंतानं मरीमायच्या देवळापाशी रोडग्याचं जेवण दिलं. आचलसाठी वांग्याची भाजी वेगळ्या पितळी गंजात, बिनकुटाची केली. भगवंत स्वतः राखणीला उभा. पण वाढणाऱ्या बाईनं पळी कुटाच्या भाजीतलीच वापरली.

आचल खोकली. ओठ सुजले. दामिनीनं तिला छातीशी उचललं. "भाऊजी, जीप काढा. दर्यापूरले."

पण बायांनी कडं केलं. "कुठी नेतं वं? देवी खेळून राहिली तिच्या अंगात." कोणी पोरीच्या कपाळाला कुंकू फासलं, कोणी पाया पडलं. "सुई टोचली त कोपन."

"अवं, ते सपन म्या रचलं व्हतं," दामिनीचा आवाज फाटला. "खोटं हाय सारं. पोरीले श्वास घेता येऊन नाही राहिला."

"मायचा जीव हाय. भेवानं बरळून राहिली," भगवंत हळहळला. जीपची चाबी त्याच्या मुठीत तशीच. जे खरं ते गावानं आधीही मानलं नव्हतं, आताही नाही.

तेवढ्यात पंगतीतून आशाबाई उठली. तिनं अंबाडा सोडला, मान गरगर फिरवली अन् घुमत पुढं आली. बाया आपोआप बाजूला झाल्या.

"मले दर्यापूरले न्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

भगवंतानं हात जोडले. "दर्यापूरले काहून, माय?"

"तठी माहा डाक्टर हाय. त्याच्या सुईत मीच बसली हावो. उशीर केला त या गावात कोणाले ठेवत नाही."

जीप अशी निघाली की पत्रावळी उडाल्या.

गावाची वेस ओलांडल्यावर आशाबाईनं घुमणं थांबवलं अन् आचलचे तळवे चोळायला घेतले. दवाखान्यापर्यंत ते हात थांबले नाहीत. सुई लागली. छातीतली शिट्टी हळूहळू मंद झाली अन् आचलनं पाणी मागितलं.

बाहेरच्या बाकावर दामिनीनं विचारलं, "आत्याबाई, तुमाले माहीत व्हतं ते सपन खोटं हाय?"

आशाबाई अंबाडा बांधत होती. "मरीमाय सुनेच्या सपनात जाईन अन् सासूले सांगणार नाही, असं होते काय?"

तेव्हापासून गावात कोणाला साप चावला, कोणाचं लेकरू धापा टाकू लागलं, की भगताकडं कोणी थांबत नाही. सरळ दर्यापूर. मरीमायचा हुकूम आहे. चार महिन्यांनी दामिनी आचलला दाखवायला गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "तुमच्या गावचे पेशंट हल्ली वेळेवर येतात. चांगली जागृती झाली. कोणी केली?"

दामिनीनं पाहिलं. टेबलावर दोन नारळ होते अन् सुयांच्या डब्याला कोणीतरी कुंकवाचं बोट लावून गेलं होतं.

"आमच्याच गावातली एक म्हातारी बाई हाय," ती म्हणाली.