मला डोळे मिटता येत नाहीत

मी एक जुना गेको आहे. गेको म्हणजे पालीच्याच गोतातला. पण मला पाल म्हटलेलं खपत नाही. मित्रांनो, आम्हाला पापण्या नसतात. तुम्ही डोळा मारता, आम्ही डोळा चाटतो. डोळे मिटताच येत नसल्यामुळे मी जन्मापासून सगळ्यांवर पाळत ठेवून आहे. माझा स्वभाव संशयी झाला तो त्यामुळेच असावा.

माझा जन्म एका दुकानातल्या काचेच्या पेटीत झाला. तिथून मला एका वेल्डरच्या मुलीने घरी आणलं. तिच्यावर माझा विश्वास बसला, कारण ती किडे टाकायची आणि मुकाट्याने निघून जायची. तिच्या बापावर मात्र मुळीच नाही. त्याच्या अंगाला जळक्या लोखंडाचा वास यायचा. "पाल ती पाल! तिचे कसले लाड?" असं तो येता-जाता म्हणायचा.

आणि एके दिवशी तोच माझ्या पेटीवर नवा दिवा बसवून गेला. याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. त्या दिव्याखाली माझे डोळे चुरचुरू लागले. मी ते चाट चाट चाटले, पण उपयोग शून्य. हळूहळू डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं. किड्यावर झेप घ्यावी, तर तोंड काचेवर आपटायचं. शेवटी मी खाणंच सोडलं.

मग घरात जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. मुलीला वाटलं, आईने काचेला फरशी पुसायचं औषध लावलं. आईला वाटलं, मुलीने टाकलेला किडाच मला डसला. वेल्डरवर कुणाचाच संशय नाही! अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझं कोण ऐकणार?

शेवटी मला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझा डबा मांडीवर घेऊन बसला होता तो वेल्डरच. हा मला वाटेतच कुठेतरी टाकून देणार, या भीतीने माझी शेपटी थरथरत होती.

बाईंनी भिंगातून माझे डोळे पाहिले. "भाजलेत. असंच चाललं तर दृष्टी जाईल. पेटीत नवीन काय आणलंत?"

मुलगी बापाकडे पाहू लागली. तो वाकून माझ्या डोळ्यांत बघू लागला. मग म्हणाला, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत असेल का हो त्याला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिकाऊ होतो तेव्हा एकदा मास्क न लावता वेल्डिंग केलं होतं. लहान पोरासारखा रडलो होतो." त्याने माझ्यावर हाताची सावली धरली. "थंडीत गारठेल म्हणून मीच सगळ्यात कडक, भर उन्हासारखा दिवा आणला, बाई. स्वतः मास्क लावतो, आणि या मुक्या जिवाला..."

मी चाटच पडलो. चोर मी बरोबर पकडला होता, पण त्याने केली होती ती माया.

तो दिवा त्याच दिवशी निघाला आणि त्याच्या जागी मंद दिवा आला. औषधाचे थेंब वेल्डर स्वतः घालायचा. आधी हात दाखवायचा, मग जवळ यायचा. सावलीला बसायला त्याने मला पत्र्याचं छोटं छप्परही करून दिलं. माझा उजवा डोळा वाचला. डाव्यात डाग राहिला तो राहिलाच.

मित्रांनो, कुणावर माया करायची तर ती त्याला सोसेल का, हे आधी बघा. आणि ज्याला डोळे मिटता येत नाहीत, त्याच्यासाठी दिवा तुम्हीच मालवा. वेल्डर आता तो रोज आठवणीने मालवतो. "झोप रे पाली," म्हणतो.

पाल म्हटलेलं मला अजूनही खपत नाही. त्याचं तेवढं खपवून घेतो.