स्प्लिटच्या बंदरात थांबलेली बोट

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तेव्हा तो बसवायच्या भानगडीत पडू नका, नुसतं ऐका. ग्लासात वाइन आहे तोवर तरी ऐका, मग हवं तर खुशाल उठून जा.

तर एक इटालियन पोरगी होती, लोरेदाना नावाची. समुद्रापलीकडच्या अंकोनाची. आपल्याकडे अजून दिनारच्या नोटा चालत होत्या तेव्हाची गोष्ट. इमारती बांधायचं शास्त्र शिकायला आपल्या स्प्लिटमध्ये आली होती. रोमन सम्राटाच्या महालात आपण संसार थाटून, खिडक्यांतून चड्ड्या वाळत घालतो, ते बघून कसलं शास्त्र शिकणार देव जाणे. पण आली खरी. महिना होत आला तरी तिच्याशी कुणी धड चार शब्द बोललं नव्हतं. वर्गातली मुलं आपापल्या घोळक्यात, आणि घरमालकीण भाड्यापुरतीच तोंड उघडणारी. शेवटी पोरीने संध्याकाळच्या बोटीचं तिकीट काढलं. खड्ड्यात गेलं शिक्षण, आईकडे जायचं! बॅग बंदरावर ठेवली आणि दिवस काढायला एकटीच शहरात निघाली.

निघून जायचं ठरलं की गाव एकदम देखणं दिसायला लागतं. तिचंही तसंच झालं.

आधी ती मासळीबाजारात गेली. आपल्या बाजारात माश्या नसतात, गंधकाच्या झऱ्याचा वास त्यांना सोसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी सार्डिन इतके ताजे होते, की तराजूत टाकले की टुणकन खाली! कोळीण एकेकाला नावाने हाक मारून परत बोलवत होती, आणि ते येतही होते, जरा तोंड पाडून. लोरेदाना खळखळून हसली. मग आपण एकट्याच हसतोय हे लक्षात आलं, तशी गप्प झाली.

तिथून ती धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरली आणि तिने अस्सल इटालियन घोळ घातला. उभ्याउभ्या कॉफी मागितली, एका घोटात संपवली आणि कप ठेवून निघाली.

वेटर श्पिरोचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय वाईट होतं कॉफीत?"

"काही नाही. छान होती."

"मग पळताय का? घराला आग लागलीय?"

"माझी बोट आहे."

"कधी?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी!" श्पिरोने साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असा गळा काढला. "ऐकलंत का हो? बाईंची बोट संध्याकाळी, म्हणून सकाळची कॉफी उभ्याने!"

कोपऱ्यातल्या टेबलावर पेरिनाकाकू बसल्या होत्या. त्या तिथे न्याहारीला बसायच्या आणि जेवायची वेळ झाली की उठायच्या. त्यांनी पायानेच एक खुर्ची पुढे सरकवली.

"बस गं पोरी. उभ्याने पितात ते औषध."

दुसरी कॉफी आली. ती इतकी सावकाश चालली, की टेबलाखाली एका कबुतरिणीने घरटं बांधलं, अंडी घातली आणि पिल्लांना उडायला शिकवलं. तेवढ्या वेळात काकूंनी पोरीचं सगळं गोत्र काढून घेतलं. आई काय करते, बाप पितो का, लग्न का नाही, आणि निघालीस कशाला.

"इथे माझं कुणी नाही," लोरेदाना म्हणाली.

"असं उभ्याने कॉफी प्यायल्यावर कोण भेटणार?" काकू म्हणाल्या. "जा, बाच्वित्सेच्या वाळूवर जा. माझा पुतण्या फ्राने असेल तिथे चेंडू उडवत. दुसरं काही येतच नाही मेल्याला."

बाच्वित्सेच्या उथळ पाण्यात पाच जण गोल करून उभे होते. साल काढलेल्या टेनिसच्या चेंडूला तळहाताने टोलवत होते, आणि तो पाण्यात पडू नये म्हणून वेड्यासारखे आडवे पडत होते. चेंडू भरकटून लोरेदानाकडे आला. तिने तो झकास झेलला.

पाचही जण कळवळले.

"पकडायचा नसतो हो!" फ्राने ओरडला. "टोलवायचा!"

"बरं. कोण जिंकतंय?"

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"जिंकतंय कोण म्हणजे?" फ्राने म्हणाला. "चेंडू वर राहिला पाहिजे. बस्स."

"आणि पडला तर?"

"परत उडवायचा. या आत. चपला काढा."

ती कपड्यांनिशी आत गेली. आणि मंडळी, खेळ असा रंगला! फ्रानेने अशी झेप घेतली, की समोरच्या ब्राच बेटावरच्या बोकडाच्या शिंगाला हात लावून तो परत आला आणि वर चेंडूही टोलवला. काय देखणा गडी होता तो तेव्हा! ऊन कललं, सावल्या लांबल्या, चेंडू वरच. तेवढ्यात बंदरातून अंकोनाच्या बोटीने सुटायचा भोंगा दिला. लोरेदानाला आता एकच निवडायचं होतं, बोट की चेंडू. पण कप्तानाने चेंडू बघितला आणि म्हणाला, हा पडेपर्यंत आपण हलायचं नाही! इंजिन बंद. सगळे उतारू एका अंगाला आले, बोट कलली, चुलीवरचं कालवण सांडलं. फ्रानेच्या हातून काही चेंडू पडेना. अंधार पडला, बोट तिथेच. शेवटी कंटाळून कप्तानाने फेरीच रद्द केली. तिला बिचारीला जायला बोटच उरली नाही, म्हणून ती—

"खोटं!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. हात पुसत लोरेदानाच बाहेर आली होती, केस पार पांढरे झालेली. "साफ खोटं, फ्राने! बोट वेळेवर गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली. आणि चेंडू तर तुझ्याच हातून पडला होता. मी बोटीकडे पाठ केली आणि म्हटलं, परत उडव."