वाकड्या अक्षरांचं पाकीट

आमचं कॉलेज हरलं त्याचं मला आता एवढं वाटत नाही. हरल्यावर मी जे केलं, त्याचं वाटतं.

डोंगरातलं लहानसं कॉलेज आमचं. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकोणीस वर्षांनी शिरलं होतं. गुरुवारी दुपारी सामना. मी जुना निळा सदरा घालून टीव्हीपुढं बसलो. संघ जिंकत असला की तो सदरा मी धूत नाही, आणि फेब्रुवारीपासून तो धुतलेला नव्हता. चार सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. चेंडू कोल्बीच्या हातात होता. नुसता छातीशी धरून ठेवायचा होता. तो निसटला. समोरच्या पोरानं उचलला, जाळीत टाकला, आणि भोंगा वाजला.

कोल्बी आमच्याच खोऱ्यातला. त्याचा आजोबा होबार्ट आणि मी कोळशाच्या खाणीत बारा वर्षं एका पाळीला होतो. एकतीस वर्षांपूर्वी खाणीचं छत कोसळलं, तेव्हा होबार्ट कमरेपर्यंत दगडाखाली सापडला. मी अंधारात त्याच्या शेजारी पडून होतो, त्याचा हात धरून. मी बाहेर आलो, तो आला नाही. होबार्टनं शेवटपर्यंत व्हर्लिनचा, म्हणजे माझा, हात सोडला नाही, हे इथं लहान पोरांनाही ठाऊक आहे. ते मीच सांगितलं. त्यापुढचं मी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मला अक्षरं शिकवली ती होबार्टच्या मुलीनं, रोंडानं. कोल्बीची ती आई. तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो. चर्चच्या तळघरात दोन हिवाळे ती माझ्याबरोबर बसली. त्या गुरुवारी संध्याकाळी मी ती अक्षरं घेऊन तिच्याच मुलाला पत्र लिहिलं. तीन ओळींना दोन तास लागले.

‘कोल्बी, तुझ्या आजोबानं मरेपर्यंत माझा हात सोडला नाही. तुला चार सेकंद चेंडू धरता आला नाही. व्हर्लिन.’

पाकिटावर त्याच्या घरचा पत्ता लिहिला, माझा लिहिला नाही. माझ्या घरापुढच्या टपालपेटीत ठेवून, पत्र न्यायचं आहे या खुणेचा लाल पत्रा वर केला. सकाळी नॅडीन टपालाच्या गाडीतून आली आणि घेऊन गेली. रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशाशी ठेवावं, हे शिकलेल्या माणसांना माहीत असतं. मी उशिरा शिकलो.

शुक्रवारी दुपारी दुकानात गेलो तर तिथं तोच विषय.

“हाताला लोणी लावलं होतं काय रे त्यानं?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो.

“हसा, हसा,” नॅडीन म्हणाली. ती कोपऱ्यात सँडविच खात बसली होती. “तुमच्यातल्या एकाला तरी धाप न लागता जिना चढता येतो का? पोरगा पहाटे घरी आलाय. जेवत नाही, बोलत नाही. फोनवर लोक त्याला मर म्हणून लिहितायत. रोंडानं सकाळी घरातल्या बंदुका उचलून भावाकडं नेऊन ठेवल्या.”

माझं हसू तोंडातच राहिलं. मी तिच्याजवळ गेलो.

“नॅडीन, माझं सकाळचं पत्र?”

“गेलं की शहरात. का हो, तिकीट विसरलात?”

शेजारच्या घराला लिहिलेलं पत्रसुद्धा आमच्याकडं आधी शहरात जातं आणि शिक्का खाऊन परत येतं. म्हणजे शनिवारी, नाहीतर सोमवारी. मी घरी आलो, पण बसवेना. खाणीत छत पडायच्या आधी बोलतं. बारीक कडकड ऐकू येते, आणि जुना माणूस ती ऐकून हातातलं टाकून पळतो. घरात तशीच कडकड मला ऐकू येत होती. लाकडाचं घर, थंडीत वाजतंच. पण मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

शनिवारी सकाळी मी रोंडाच्या पेटीपाशी, ट्रक बिघडल्याचं सोंग करून, बॉनेट उघडून थांबलो. पत्र आलं नाही. रविवारी टपाल नसतं. चर्चमध्ये रोंडाची जागा रिकामी होती. उपदेश कशावर झाला, मला सांगता येणार नाही. पत्र रोंडाच्या हाती पडलं तर ती अक्षर ओळखेल. कोल्बीच्या हाती पडलं तर काय होईल, याच्यापुढं माझा विचार जात नव्हता. तिथं आला की मी उठून पाणी पीत होतो.

सोमवारी पुन्हा गेलो. नॅडीन येण्याआधी उतारावरून कोल्बीच खाली आला. सहा फूट तीन इंच पोरगा, पण खांदे पाडून चालत होता. वर खिडकीत रोंडा उभी होती, त्याच्यावर नजर ठेवून.

“ट्रक अजून बंद आहे का, काका?” तो म्हणाला. म्हणजे शनिवारीही त्यानं मला पाहिलं होतं.

नॅडीनची गाडी आली. मी खिडकीशी वाकून हळूच म्हणालो, “त्यातलं एक माझं आहे. परत दे.”

“व्हर्लिनकाका, पेटीतून उचललं की ते ज्याचं नाव त्याचं. नोकरी घालवता का माझी?” तिनं गठ्ठा कोल्बीला दिला. “यातली निम्मी बिलं आहेत रे, घाबरू नकोस.”

ती गेली. कोल्बीनं गठ्ठा चाळला. चार पाकिटं अनोळखी लोकांची होती. ती त्यानं माझ्यापुढं धरली.

“तुम्ही आता वाचता ना? आई सगळ्यांना सांगते. ही तुम्ही वाचा. वाईट असतील तर चुलीत टाका. मला सांगू नका.”

मी हात पुढं केला. तेवढ्यात त्याला पाचवं दिसलं. मोठीमोठी, वाकडी, ओळ सोडून चाललेली अक्षरं. त्याच्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं झालं.

“हे लहान पोराचं दिसतंय. अक्षर बघा ना. पोरं चांगलं लिहितात. हे मीच वाचतो.”

दे, मी वाचून दाखवतो, असं म्हणता आलं असतं. कागदावर नसलेल्या दोन गोड ओळी वाचल्या असत्या आणि चुलीत टाकलं असतं. मला लोकांनी आयुष्यभर असंच वाचून दाखवलं. त्यात खरं किती होतं, मला आजही माहीत नाही.

“कोल्बी, ते पोराचं नाही,” मी म्हणालो. “माझं आहे. आणि चांगलं नाही.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि फाडलं.

तीनच ओळी, पण तो खूप वेळ वाचत होता. मी त्याच्या हातांकडं बघत होतो. कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

“हे खरं आहे?”

“काय?”

“आजोबांनी हात सोडला नाही, हे.”

“खरं आहे.”

“मग शेवटी सुटला कसा?”

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला तीच कडकड ऐकू आली, आणि या वेळी तिथं लाकूड नव्हतं, घर नव्हतं.

“मी सोडवला,” मी म्हणालो. “छत पुन्हा बोलायला लागलं होतं. तो जिवंत होता. घट्ट धरून होता. मी त्याचं एकेक बोट उचकटलं आणि रांगत निघालो. मागं सगळं खाली आलं.”

वर खिडकीत पडदा हलला.

“आईला माहीत आहे?”

“नाही.”

“मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?” त्याच्या आवाजात राग नव्हता. रस्ता चुकलेला माणूस पुढचं वळण विचारतो, तसं विचारलं त्यानं. म्हणून मी जे झालं तेवढंच सांगितलं.

“उठलो. कोंबड्यांना दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी त्याच्या मातीला गेलो. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. मला तो कापून टाकावासा वाटत होता.”

“आणि मग?”

“मग चौथ्या दिवशी उठलो. कोंबड्या होत्याच.”

तो नाकातून हसला की काय, कळलं नाही. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं होतं, परत देईल.

“चला,” तो म्हणाला. “आईला तुम्ही सांगायचं. आत्ताच. मी शेजारी बसतो.”

“कोल्बी, नको रे. तिनं मला…”

“मी आहे ना शेजारी.”

तो पुढं, मी मागं. चढ मोठा नाही, पण मी पावलोपावली मागं पडत होतो. अर्ध्यावर तो थांबला, मागं वळला, हात पुढं केला. मी तो धरला नाही. मला धरवला नाही. तो तसाच थांबून राहिला, तेव्हा मी त्याची बाही धरली.

“आई!” त्यानं हाक मारली.

चार दिवसांनी त्याचा आवाज ऐकून रोंडा धावतच दारात आली. आधी तिनं त्याचं तोंड पाहिलं. मग त्याच्या हातातलं रिकामं पाकीट पाहिलं, आणि अक्षर ओळखलं.